पिवळा शर्ट

तीन सेकंद उरले होते आणि आपण एका गुणानं पुढं होतो.
एकसष्ट-साठ.
हे मी इतक्यांदा सांगितलंय
की आता आकडेसुद्धा मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.

बॉल विभासकडे. विभास रेशीमवाले, नंबर अकरा,
जेल रोडच्या घड्याळवाल्यांचा धाकटा.
काही करायचं नव्हतं त्याला,
नुसता पोटाशी धरून ठेवायचा,
गर्दीत नारळाची पिशवी धरतात तसा.
ग्वाल्हेरचे दोघं अंगावर आले.
त्यानं मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून
काहीतरी पिवळं पाहिलं
आणि फेकला.

पहिल्या पायरीवर, कोपऱ्यात, रेषेपासून दोन हातांवर
मी बसलो होतो.
आपल्या टीमचा रंग म्हणून मुद्दाम घातलेला शर्ट,
बायको म्हणाली होती, हळदीला चाललात का.

पास उत्तम होता, ते कबूल करायला हवं.
बरोब्बर छातीशी. मी झेललासुद्धा.

पंचानं माझ्या हातातून बॉल घेतला
तेव्हा तो गरम होता, घामानं ओला.
मग त्यांनी आत टाकला, त्यांच्या त्या ताडमाड पोरानं
रिंगखालून एका हातानं वर ठेवला
आणि भोंगा वाजला.

आधी कुणी ओरडलंच नाही.
कुणाच्या तरी हातातली दाण्यांची पुडी सुटली,
दाणे पायऱ्या उतरत खाली आले, टप टप,
तेवढाच आवाज.
मग बिडवई सर उठले.
तीस वर्षं भूमिती शिकवताना
"चुका रे, चुकल्याशिवाय येत नाही" म्हणणारे बिडवई सर.
म्हणाले, "विकला गेलाय."
आणि मग सुटलंच सगळं स्टेडियम.
आई-बहिणीपासून जातीपर्यंत, जातीपासून चालीपर्यंत.
इंगळ्यांची छोटी रडायला लागली,
तिला स्कोअर कळत नव्हता,
बापाचं तोंड कळत होतं.

विभास तिथंच उभा, कंबरेवर हात,
माझ्याकडे बघत.
रागानं नाही. हिशेब लागत नसला की
आपण पावतीकडे बघतो, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या गाडीवर
तीच मॅच पुन्हा सुरू.
कुणी लिंबाची फोड घेऊन दाखवतोय, इथं होता, इथून फेकला,
कुणी म्हणतोय, पोरीचं लफडं, भिया, ध्यान नाही राहिलं,
जिरावण जास्त मागत सगळे जास्त तिखट होत गेलेले.
आणि मी, निळा शर्ट घालून,
प्लेट हातात घेऊन म्हणालो,
"घड्याळवाल्याचा पोरगा, आणि तीन सेकंद सांभाळता येईनात!"

काय हसले लोक.
गाडीवाल्यानं माझ्या पोह्यांवर आपणहून शेव घातली.
संध्याकाळी ते वाक्य राजवाड्यापाशी ऐकलं,
आठवड्यानं पलासियात, एका अनोळखी माणसाकडून,
आणि त्यानं ते मलाच सांगितलं, नवीन म्हणून.

मी "इकडे!" असं ओरडलो होतो का?
सगळेच काहीबाही ओरडत होते.
आठवत नाही.

आठवतं.

त्या मोसमानंतर तो खेळला नाही.
परवा माझं घड्याळ बंद पडलं, बावीस वर्षांनी
त्या दुकानाची पायरी चढलो.
तोच होता, एका डोळ्याला भिंग लावून,
केस गेलेले, खांदे अजून तेवढेच रुंद.
सेल बदलला, काटे जुळवले, काचेवर फुंकर मारली.
ऐंशी रुपये, म्हणाला.
ओळखलं का, कळलं नाही. विचारायला जीभ वळेना.
पैसे दिले, हात पुढं केला.

त्यानं घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं
आणि माझी बोटं पुरती मिटेपर्यंत
सोडलं नाही.